एकसष्टावा तास

तिसऱ्यांदा रिपोर्ट वाईट आला, तेव्हा सानिका जगदाळे रडली नाही. तिने डॉ. मुजावरांना सरळ विचारलं, "डॉक्टर, औषधातच काही खोट आहे का?"

"औषध चोख आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत तुमच्याच छातीतले जंतू त्याने पटापट मरतात. तुमच्या फुफ्फुसात मात्र मरत नाहीत." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तुम्ही एकही डोस चुकवलेला नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आज एका वेगळ्याच माणसाला बोलावलंय. बाहेर व्हरांड्यात वाट बघतेय ती."

सानिकाचं सगळं आयुष्य छातीच्या जोरावर चाललं होतं. सांगलीत कृष्णेच्या घाटावर ती मुलींना पोहायला शिकवायची. पूर ओसरला की नदीचं पाणी निवळायला लागायचं आणि तिच्या तुकड्या सुरू व्हायच्या. तिच्या हाताखालच्या मुली राज्यपातळीवर पदकं आणत होत्या. दीड वर्षापूर्वी तिला खोकला लागला, वजन उतरलं, आणि मिरजेच्या या रुग्णालयात निदान झालं. क्षय, तोही औषधांना न जुमानणारा. घाट सुटला. घरातली वरची खोली तिची झाली. नवरा धनंजय जिन्यात ताट ठेवायचा आणि बारा वर्षांची रेवा खालच्या अंगणातून हात हलवायची.

व्हरांड्यात पाठीला पिशवी लावलेली एक तिशीची मुलगी कठड्यावर बसली होती. सानिकाला बघून तिने मास्क नीट केला.

"मी डॉक्टर ओवी सोनवणे. पण नाडी वगैरे बघता येत नाही हं मला. मी गणिताची डॉक्टर."

"गणिताचं काय काम इथे?"

"ताई, मला तुमच्या डोसची वेळ आवडलेली नाही."

सानिकाला हसू आलं. दीड वर्षात असं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

डोसची वेळ सोयीची होती, निदान आतापर्यंत सगळे तसंच म्हणत आले होते. हे नवं औषध दहा वर्षांपूर्वी आलं. दंडावर रुपयाएवढी एक चपटी कुपी चिकटवायची. ठरलेल्या वेळी ती थरथरते, मग माणसाने खाली बसायचं आणि अंगठ्याने तिचं बटण दाबायचं, म्हणजे औषध रक्तात जातं. औषध जहाल होतं. तासाभरात हुडहुडी भरायची, ताप चढायचा, पाच-सहा तास माणूस आडवा व्हायचा. रोज दिलं तर यकृत टिकलं नसतं, म्हणून दर साठ तासांनी, म्हणजे अडीच दिवसांनी एक डोस ठरवला होता. आज पहाटे पाचला घेतला की पुढचा परवा संध्याकाळी पाचला, मग पुन्हा पहाटे पाचला. लक्षात ठेवायला सोपं, नर्सच्या पाळ्यांनाही सोयीचं.

"तुमच्या कॉलनीत रात्रीचा रखवालदार आहे?" ओवीने विचारलं.

"आहे की. शिट्टी वाजवत फिरतो."

"तो ठरल्या ठोक्याला फेरी मारत असेल तर चोर काय करेल?"

"तेवढा वेळ दडून बसेल. फेरी गेली की बाहेर."

"हे जंतू तेच करतात. क्षयाचा जंतू मुळातच झोपाळू. जागा असतो तेव्हा खातो, वाढतो. झोपला की सगळं बंद. तुमचं औषध फक्त जाग्या जंतूंना मारतं, आणि तेही अंगात जोर असतो तेवढ्या काही तासांपुरतं. आता असं बघा, जंतूंमध्ये दहा तासांचं चक्र असणारे काही आहेत, काही बारा तासांचं, काही पंधरा, वीस, तीस. थोडा वेळ जागे, मग झोप, पुन्हा जागे. डोस आला तेव्हा जे जागे होते ते मेले. जे झोपलेले होते ते वाचले, त्यांची पिलावळ वाढली. पुढचा डोस साठ तासांनी. साठ तासांत बाराच्या चक्राच्या बरोबर पाच फेऱ्या होतात. पंधराच्या चार. विसाच्या तीन. म्हणजे पुढचा डोस आला तेव्हाही ते नेमके झोपलेले. त्याच्या पुढच्या डोसालाही."

सानिका समोरच्या बाकावर बसली.

"हजारो रोग्यांच्या अंगात दहा वर्षं हेच चाललंय. आपणच निवडून निवडून झोपाळूंची जात तयार केली. साठ हा आकडा फार मनमिळाऊ आहे हो. दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस, सगळ्यांनी त्याला भाग जातो. म्हणून तर तासाची मिनिटं साठ, संवत्सरं साठ. पण जो सगळ्यांशी जुळवून घेतो तो चोराशीही जुळवून घेतो."

"मग?"

"मग त्याच्या शेजारी जायचं. एकसष्ट. एकसष्टला एक आणि एकसष्ट सोडून कशानेच भाग जात नाही. डोस एकसष्ट तासांनी दिला, तर बाराच्या चक्रात तो दर वेळी एक तास पुढे सरकतो. बारा डोसांत त्या चक्राचा प्रत्येक तास गाठतो. पंधराच्या चक्राला पंधरा डोस, तिसाच्या चक्राला तीस डोस. अडीच महिन्यांत दडून बसायला कुणाला कोपराच राहत नाही. आणि उद्या त्यांनी सतरा तासांचं नाहीतर बावीस तासांचं नवं चक्र काढलं, तरी साठपर्यंतच्या कुठल्याच चक्राशी एकसष्टचं जमत नाही."

"एकोणसाठ का नाही? त्यालाही भाग जात नाही."

ओवीचे डोळे चमकले. "चालला असता की. पण मग डोस लवकर लवकर पडतात. एकसष्टात तुमच्या यकृताला एक तास जास्त विसावा."

मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि एखाद्या जिवलग मैत्रिणीबद्दल सांगावं तशी सांगू लागली. "हा आकडा किती हट्टी आहे सांगू? एका आकड्याचा वर्ग करायचा, त्याला साठने गुणायचं, वर एक मिळवायचा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं. साठला हे सोपं जातं. चारचा वर्ग सोळा, साठ सोळे नऊशे साठ, वर एक. नऊशे एकसष्ट, म्हणजे एकतीसचा वर्ग. बासष्टला आठ घेतला की जमतं. त्रेसष्टला तर नुसता एक पुरतो. आणि मधल्या एकसष्टला सगळ्यात लहान आकडा कोणता लागतो? बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी! त्याच्या खालचा एकही चालत नाही. आपल्याकडच्या एका गणितज्ञाने आठ-नऊशे वर्षांपूर्वी हे उत्तर हाताने काढलंय."

"याचा माझ्या छातीशी काय संबंध?"

"काही नाही," ओवी प्रांजळपणे म्हणाली. "मला तो आवडतो, एवढंच. तुमच्या कामाचा त्याचा गुण एकच. तो कुणात वाटला जात नाही."

मग ती गंभीर झाली. "ताई, हे अजून कागदावरचं आहे. रुग्णालयाच्या समितीने फक्त चार रोग्यांवर करून बघायला परवानगी दिलीय. तिघे नको म्हणाले. एकसष्ट तास म्हणजे दोन दिवस आणि वर तेरा तास. डोस दर वेळी घड्याळात तेरा तास पुढे जाणार. कधी भर दुपारी, कधी जेवताना, कधी साखरझोपेत. तुमचा आठवडा राहणार नाही. सणवार, लग्नकार्य, कशाशीच जुळणार नाही."

"नदीलाही आठवडा नसतो," सानिका म्हणाली. "सही कुठे करायची?"

धनंजयला हे पचायला जड गेलं. त्याचा भडंगाचा कारखाना होता, छोटासा पण नाव असलेला. पहाटे पाचला कढई तापायची, आठला दुकान उघडायचं. वीस वर्षांत त्याची वेळ कधी चुकली नव्हती. त्याने पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात सानिकाच्या डोसांचा तक्ता लावला. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच त्यात हरवला.

"आज कधी आहे गं?"

"दुपारी दोनला. मग परवानंतरच्या पहाटे तीनला."

"हे काय वेळापत्रक आहे का?"

"माझं नाही, त्यांचं मोडायचंय," छातीवर हात ठेवून ती म्हणाली.

पण खरंच सगळं विस्कटलं. गौरीच्या जेवणाला पाहुणे आले आणि ती वर गोधडीत थरथरत पडलेली. एकदा पहाटे डोस, एकदा रेवाच्या वाढदिवसाचा केक कापायच्या वेळी डोस. धनंजय घर, दुकान, रेवा, सगळं ओढत होता आणि सुकत चालला होता. त्याने तक्रार केली नाही.

मग आकडे उतरू लागले. आता थेंबभर रक्तात जंतूंची मोजदाद करता यायची. आधीच्या दीड वर्षात सानिकाची मोजदाद थोडी उतरायची आणि पुन्हा चढायची. या वेळी ती उतरत राहिली. दहाव्या आठवड्यात तिच्या खोकल्यातून आजार पसरण्याचा धोका संपला. ती जिना उतरून खाली आली आणि रेवाने तिला जी मिठी मारली, ती कितीतरी वेळ सोडली नाही.

मिठी मारताना रेवा खोकली.

रेवाचं निदान व्हायला चार दिवस लागले. तोच आजार, तेच झोपाळू जंतू. सानिका वरच्या खोलीत जाण्याआधीच्या दिवसांत तो तिच्यापर्यंत पोचला होता आणि इतके महिने दबून होता. डॉ. मुजावरांनी धीर दिला. लहान मुलांच्या खोकल्यातून तो सहसा पसरत नाही, महिन्याभरात शाळेत जाता येईल, आणि मुख्य म्हणजे औषधाचा रस्ता आता माहीत आहे.

ओवी कुपी घेऊन स्वतः घरी आली. सानिका म्हणाली, "माझ्यासोबतच सुरू करा तिचं. दोघी एकदमच पडू, एकदमच उठू."

"आणि तुम्ही दोघी तापात असताना बघणार कोण?"

"धनंजय आहे ना."

ओवीने धनंजयकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. उभ्या उभ्या झोपला असता, इतका दमलेला.

"ताई, मी वेगळं सुचवते. तुमच्या डोसनंतर तीस तासांनी हिचा डोस. तुम्ही आडव्या असाल तेव्हा ही धडधाकट, ही आडवी असेल तेव्हा तुम्ही. दोघींचा आकडा एकच आहे, त्यामुळे हे अंतर कधीच बदलणार नाही. घड्याळात वेळा कितीही फिरू देत, तुमच्या मधले तीस तास तेवढेच राहतील."

रेवाला ते फार आवडलं. "म्हणजे आई, मी तुझी नर्स आणि तू माझी."

तसंच झालं. आईला ताप चढला की रेवा कपाळावर घडी ठेवायची, तिला शाळेतल्या गोष्टी सांगायची, मोठ्या माणसासारखी "पाणी पी आधी" म्हणून दटावायची. रेवाची पाळी आली की सानिका तिला कुशीत घेऊन बसायची. त्या दोन महिन्यांत मायलेकी एकमेकींना जितक्या कळल्या, तितक्या आधीच्या बारा वर्षांत कळल्या नव्हत्या. पावसाळा सरला. सानिका तुकड्या घेऊ लागली, पाण्यात न उतरता, काठावरून शिट्टी फुंकत. ती घाटावर असली की रेवाचा डोस धनंजय बघायचा. पुढे पुढे तो म्हणाला, "रेवाचं सगळं माझ्याकडेच राहू दे. तू तुझं बघ." सानिकाला बरं वाटलं. नवरा सावरला, असं तिने मानलं.

हिवाळा लागला. सानिकाची रक्तमोजणी जवळजवळ शून्यावर आली होती. रेवाची आधी झपाट्याने उतरली, मग थबकली. डॉक्टर म्हणाले, मुलांचं जरा पुढेमागे होतं, वाट बघू.

सानिकाच्या मनात अधूनमधून पाल चुकचुकायची. आपण उठून धड जेवतोही नाही, तोवर रेवा अंथरूण धरते, असं तिला वाटे. एकदा ती धनंजयला म्हणालीही. तो म्हणाला, "अगं, तापात तुला तास कळतात होय?" ते खरंच होतं. ज्या घरात कुठलीच गोष्ट ठरल्या वेळी होत नव्हती, तिथे तास मोजायचे तरी कसे?

एका रविवारी संध्याकाळी सानिका डोस घेऊन पडली होती. ताप चढत होता, दात वाजत होते. दार लोटून रेवा आत आली. घडी घेऊन आली असेल, म्हणून सानिकाने डोळे मिटले. पण रेवा तिच्या गोधडीत शिरली. तिचं अंग थंडगार होतं आणि ती लटलट कापत होती.

"आई, मला पण भरून आलंय."

सानिका उठून बसली. खोली गरगर फिरत होती, पण डोक्यात एक गोष्ट लख्ख होती. हे होऊच शकत नाही. दोघींचा आकडा एकच असेल तर मधलं अंतर हलूच शकत नाही. ते हललं आहे, म्हणजे एकीचा आकडा एकसष्ट नाही.

"रेवा, तुझा डोस पप्पा कधी देतात?"

"पहाटे पाचला. नाहीतर संध्याकाळी पाचला."

"दर वेळी?"

"दर वेळी. कुपी थरथरायच्या आधी एक तास. पप्पा म्हणाले, एक तास आधी दाबलेलं चालतं तिला."

कुपीला ते चालत होतं, हे खरं. जुन्या बनावटीची कुपी तासभर आधी दाबली तरी बटण घ्यायची. रोग्याला सवलत म्हणून ती सोय ठेवलेली. आणि पुढचे एकसष्ट तास ती दाबल्या क्षणापासून मोजायची. दर वेळी तासभर आधी दाबलं की एकसष्टचे साठ होत होते. आणि प्रत्येक डोसागणिक रेवा एकेक तासाने आईच्या जवळ सरकत आली होती.

धनंजय दुकानातून आला तेव्हा दोघी एकाच गोधडीत होत्या. त्याने ते पाहिलं आणि दारातच थांबला.

"किती दिवस?" सानिकाने विचारलं.

तो खाली बसला. "तिची शाळा सुरू झाल्यापासून. गणिताच्या तासाला ती वर्गात कोसळली होती. मुलं हसली तिला. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला तयार नव्हती. मी बघितलं, एक तास आधी दिला तर पहाट आणि संध्याकाळ, दोनच वेळा येतात. शाळा दुपारची, ती बुडत नाही. मला वाटलं, एक तास तर आहे. एका तासाने काय होतंय?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

सानिकाला संताप आला होता, पण तिच्या समोर बसलेला माणूस दुष्ट नव्हता. मुलीला हसत शाळेत जाताना बघायचं होतं त्याला, बाकी काही नाही. सोयीचा आकडा सगळ्यांनाच हवा असतो. त्यांच्या पोरीच्या छातीतल्या जंतूंनाही तोच हवा होता.

"उद्या मिरजेला जायचं," ती म्हणाली. "आणि हे तूच सांगायचं. मी नाही सांगणार."

ओवीने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, उलट पांढरीफटक पडली. "चूक माझीही आहे. डोस दिला की नाही, एवढंच मी कुपीला विचारत राहिले. केव्हा दिला, हे विचारायला हवं होतं." तिने त्याच आठवड्यात सगळ्या कुप्यांची ती सवलत काढून टाकली.

रेवाची मोजदाद पुन्हा वर चढायला लागली होती. पण तिच्या जंतूंना अजून औषध पचवायची खोड लागली नव्हती. नव्याने सुरुवात करायची, पुन्हा मधे तीस तास ठेवून.

शाळेचा प्रश्न उरलाच होता. तो सानिकाने हातात घेतला. ती मुख्याध्यापिकांकडे गेली आणि म्हणाली, "माझी मुलगी अधूनमधून वर्गात आजारी पडणार. कधी पडणार ते मी आधी सांगेन. तिला एक खाट आणि एक गोधडी लागेल. आणि वर्गाला खरं काय ते मी स्वतः सांगेन." बाई आधी गडबडल्या, मग त्यांनी प्रयोगशाळेशेजारची खोली उघडून दिली. सानिका वर्गात गेली. फळ्यावर तिने साठ आणि एकसष्ट हे दोन आकडे लिहिले आणि चोर-रखवालदाराची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवसापासून पोरांमध्ये स्पर्धा लागली, रेवाला गोधडी कोण नेऊन देणार याची.

फेब्रुवारीत आरोग्य खात्याची समिती रुग्णालयात आली. राज्यभर साठऐवजी एकसष्ट करायचं का, हे ठरायचं होतं. ओवीकडे गणित होतं, सानिकाचे रिपोर्ट होते. आणि कुणी मुद्दाम घडवून आणला नसता असा एक पुरावाही होता: एकाच घरातल्या, एकाच जातीच्या जंतूंनी आजारी असलेल्या दोघी, एक एकसष्टवर आणि एक साठवर. एक सुधारली, दुसरी बिघडली. तो पुरावा मांडायला पालकांची संमती हवी होती. धनंजयने सही केली, आणि मागच्या रांगेत सानिकाशेजारी येऊन बसला.

ओवीचं बोलणं झालं. समितीचे अध्यक्ष सज्जन, अनुभवी गृहस्थ होते. ते म्हणाले, "गणित पटलं, मॅडम. पण राज्यात हजारो रोगी आहेत. नर्सच्या पाळ्या, लोकांच्या नोकऱ्या, शाळा. आपण कागदावर एकसष्ट लिहू. पण आपल्या लोकांना ठाऊक आहे, व्यवहारात एखादा तास इकडेतिकडे चालतोच."

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धनंजय उभा होता. त्याला भाषणाची सवय नव्हती. दोन्ही हातांनी त्याने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"साहेब, नाही चालत," तो म्हणाला. "मी चालवून बघितलंय. तुमच्या समोरच्या तक्त्यात ती जी दुसरी रोगी आहे ना, वर चढणारी रेघ, ती माझी मुलगी. तो एक तास मी काढला. प्रेमापोटी काढला. उद्या प्रत्येक घरात माझ्यासारखा एक माणूस असणार आहे. त्याला तुम्ही सांगा, एक तास इकडेतिकडे चालत नाही. कागदावर लिहून भागायचं नाही. घरोघरी जाऊन सांगा. मला बोलवा, मी येतो सांगायला."

तो बसला. सानिकाने त्याचा हात हातात घेतला. कितीतरी महिन्यांनी.

अध्यक्षांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "नाव काय आपलं?"

"धनंजय जगदाळे. भडंगवाले."

एकसष्टचा निर्णय मार्चअखेर निघाला. त्याच्यासोबत माणसंही निघाली, घरोघरी जाणारी. सुट्टीच्या दिवशी धनंजय त्यांच्यासोबत मिरजेच्या, तासगावच्या, जतच्या घरांत जायचा. लोक त्याला चहा द्यायचे आणि पहिल्यांदा कुणीच ऐकायचं नाही. मग तो रेवाचं सांगायचा, आणि मग ऐकायचे.

सानिकाची कुपी मे महिन्यात निघाली. रेवाची निघायला पाऊस संपावा लागला. शेवटच्या तीन मोजण्या लागोपाठ कोऱ्या आल्या, तेव्हा डॉ. मुजावरांनी स्वतः तिच्या दंडावरची चकती सोडवली. खाली गोल, पांढरट डाग उमटला होता. रेवाने त्यावरून बोट फिरवलं.

रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना ती एकदम थांबली. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या पुढच्या दिवसांत कुठलीच खूण नव्हती. तिला ते जरा विचित्रच वाटलं.

"आई, आता उद्या मी काय करू?"

"उद्या सोमवार आहे," सानिका म्हणाली. "शाळेत जा."